तेलाच्या देशाची उत्पादकता कशी मोजावी: नॉर्वेच्या आकड्यांवर हात बसवण्यासाठी

२०२० ते २०२२ या काळात नॉर्वेचे चालू किंमतींतले, म्हणजे त्या त्या वर्षाच्या भावांतले, सकल देशांतर्गत उत्पादन सुमारे ३,४०० अब्ज क्रोनरवरून ५,५०० अब्जांच्या पुढे गेले. या आकड्याला देशातल्या कामाच्या तासांनी भागले, तर दोन वर्षांत नॉर्वेचा माणूस दीडपट काम उरकू लागला असे उत्तर येते. समुद्राखालून निघालेले तेल आणि वायू मात्र तिन्ही वर्षी जवळपास तेवढेच होते. चढला होता तो युरोपातला वायूचा भाव. नवशिक्याचा पहिला तक्ता बहुधा इथेच फसतो.

म्हणून सरावाला नॉर्वे चांगला. तेल मुबलक, आकडेवारी खुली आणि फुकट, शिवाय उद्योगवार कामाचे तास १९७० पासून मिळतात. आखाती देशांत ही शेवटची सोय नसते आणि उत्पादकतेचा हिशेब नेमका तिथेच अडतो.

पायरी १: तक्ते उतरवून घ्या

नॉर्वेच्या सांख्यिकी कार्यालयाचे, म्हणजे एसएसबीचे, संकेतस्थळ उघडा. त्यावरचा स्टॅटबँक हा विभाग इंग्रजीतही आहे, नोंदणी लागत नाही. राष्ट्रीय लेख्यांतले, म्हणजे देशाच्या उत्पादन-उत्पन्नाच्या हिशेबातले, दोन वार्षिक तक्ते पुरतात. ०९१७० मध्ये उद्योगवार उत्पादन आणि मूल्यवर्धन (उत्पादनातून विकत घेतलेला माल व सेवा वजा जाता उरते ते) आहे, तर ०९१७४ मध्ये उद्योगवार वेतन, रोजगार आणि कामाचे तास. दोन्हींतून चार ओळी निवडा: एकूण देश, मुख्यभूमी (अर्थ पायरी २ मध्ये), तेल-वायू उत्खनन आणि कारखानदारी. मूल्यवर्धन चालू आणि स्थिर (भावातला बदल काढून टाकलेल्या) अशा दोन्ही किंमतींत घ्या, कारण पुढे दोन्ही लागतात.

उतरवल्यावर लगेच एक चाचणी करा. नॉर्वेत २८-२९ लाख लोक कामावर असतात आणि माणशी वर्षाला साधारण १,४०० तास भरतात. गुणाकार ४०० कोटींच्या आसपास येतो. तुमच्या तक्त्यात एकूण तास ४० कोटी किंवा ४,००० कोटी दिसत असतील तर एकक चुकले आहे. तक्त्यात तास दशलक्षांत असतात. दशलक्ष म्हणजे दहा लाख, आणि लाख-कोटींत विचार करणारा माणूस इथे हमखास एक शून्य गाळतो.

पायरी २: तेल बाजूला काढा, पण कुठून कापायचे ते बघून

मुख्यभूमी नॉर्वे हा भूगोलाचा शब्द नाही, हिशेबाचा आहे. देशातल्या सर्व उत्पादनातून तीन गोष्टी वजा केल्या की मुख्यभूमी उरते: कच्चे तेल व नैसर्गिक वायूचे उत्खनन, नळवाहतूक आणि परदेशी सागरी वाहतूक. तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि ‘बिगर-तेल अर्थव्यवस्था’ असे लिहून मोकळे होतात. मुख्यभूमीत परदेशी मार्गावरची जहाजेही नाहीत, हे लक्षात असू द्या.

खरी मेख सेवा-कंपन्यांत आहे. विहीर खोदणारी रिग, सिमेंटिंग करणारी टोळी, विहिरीची तपासणी करणारे तंत्रज्ञ हे ‘उत्खननाशी संलग्न सेवा’ या वर्गात मोडतात आणि राष्ट्रीय लेख्यांत मुख्यभूमीत धरले जातात. मासिक औद्योगिक उत्पादन निर्देशांकात मात्र ‘उत्खनन आणि संलग्न सेवा’ असा एकच गठ्ठा मिळतो. म्हणजे तीच रिग, तोच माणूस, एका तक्त्यात तेलाच्या बाजूला आणि दुसऱ्यात तेलाबाहेर. मासिक निर्देशांकाचे उत्पादन घेऊन त्याला राष्ट्रीय लेख्यांतल्या ‘उत्खनन’ ओळीच्या तासांनी भागू नका. अंश आणि छेद एकाच व्याख्येचे हवेत.

तेलाला लागून असलेले बरेच काही कारखानदारीतही बसते. मोंगस्टाडची रिफायनरी, स्टोर्ड आणि वेर्डालचे प्लॅटफॉर्म बांधणारे यार्ड, यंत्रांची दुरुस्ती व बसवणी करणारे उद्योग, हे सगळे मुख्यभूमीच्या कारखानदारीत. तेव्हा तेलाचा भाव पडला की ‘बिगर-तेल’ कारखानदारीही लंगडते, आणि त्यात विसंगत काही नाही.

सरकारी तेलनिधीच्या (तेलाच्या कमाईतून उभारलेल्या निधीच्या) गुंतवणुकीवर मिळणारे व्याज आणि लाभांश देशांतर्गत उत्पादनात येतच नाहीत. ते राष्ट्रीय उत्पन्नात येतात. उत्पादकतेच्या तक्त्यात निधीला जागा नाही.

पायरी ३: भाव वेगळा, परिमाण वेगळे

वर्षावर्षांची तुलना नेहमी स्थिर किंमतींच्या मालिकेवर करा. चालू किंमतींचा उपयोग एकाच वर्षातला वाटा काढण्यापुरता. फरक किती मोठा पडतो ते बघा: चालू किंमतींत तेल-वायूचा वाटा २०२० मध्ये दहा-बारा टक्के होता, २०२२ मध्ये तो एक तृतीयांशाच्या वर गेला. परिमाण, म्हणजे प्रत्यक्ष निघालेला माल, मात्र जागच्या जागी.

एसएसबीच्या स्थिर किंमती साखळी पद्धतीच्या आहेत. प्रत्येक वर्षाची वाढ आदल्या वर्षाच्या भावांवर काढून कड्या जोडलेल्या असतात. त्याचा एक परिणाम आधी माहीत नसेल तर रात्र वाया जाते: संदर्भ वर्षापासून (ज्या वर्षाच्या भावांत मालिका मांडली आहे त्यापासून) दूर गेले की भागांची बेरीज एकूणाइतकी येत नाही. तक्ता चुकलेला नसतो. म्हणून एकूणातून तेल वजा करून मुख्यभूमीची मालिका स्वतः बनवू नका, तयार ओळ घ्या. एखाद्या उद्योगाने एकूण वाढीत किती भर घातली हे हवे असेल, तर त्याचा आदल्या वर्षाचा चालू किंमतींतला वाटा गुणिले या वर्षाची परिमाण-वाढ एवढेच करा.

तेल आणि वायूची बेरीज करतानाही जपून. नॉर्वेतले एकक प्रमाणित घनमीटर तेल-समतुल्य असे आहे. १ घनमीटर तेल म्हणजे ६.२९ पिंपे, आणि १,००० घनमीटर वायू बरोबर १ घनमीटर तेल-समतुल्य. हा हिशेब ऊर्जेचा आहे, पैशाचा नाही. तेवढीच ऊर्जा देणारा वायू बराच काळ तेलापेक्षा स्वस्त होता. तेव्हा तेलाची जागा वायूने घेतली की तेल-समतुल्याचा आलेख सपाट दिसतो आणि मूल्यवर्धनाचा आलेख खाली जातो. दोन्ही खरे असतात. आपण कोणता वापरला ते तक्त्याखाली लिहायचे.

पायरी ४: माणसे नव्हे, तास

नॉर्वेच्या समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवरची पाळी अशी: दोन आठवडे काम, रोज १२ तास, मग चार आठवडे घरी. एका फेरीत १४ × १२ = १६८ तास. सहा आठवड्यांची फेरी, म्हणजे वर्षाला साधारण ८.६७ फेऱ्या आणि १,४५६ तास. आपल्या मुंबई हायवर चौदा दिवस काम आणि चौदा दिवस सुट्टी चालते. तिथे वर्षाला १३ फेऱ्या, कागदावर २,१८४ तास. दोन्हीकडे रजिस्टरवर ‘एक कर्मचारी’ असतो, पण तासांत दीडपटीचा फरक. माणशी उत्पादकता काढून या दोन ठिकाणांची तुलना केली, तर पाळीची पद्धत तुम्ही कौशल्य म्हणून मोजलेली असते.

तासांतही एक गळती आहे. मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीकडून भाड्याने आणलेल्या माणसाचे तास एजन्सीच्या उद्योगात नोंदले जातात, तो प्रत्यक्ष राबतो त्या उद्योगात नाही. यार्डात काम वाढले की पोलंड-लिथुआनियाचे वेल्डर एजन्सीमार्फत येतात. उत्पादन यार्डाच्या नावावर, तास एजन्सीच्या. मूल्यवर्धनातून एजन्सीचे बिल वजा होते, म्हणून घोळ निम्मा सुटतो, पण पूर्ण नाही. तेल कंपनीने देखभालीचे काम बाहेर दिले तरी हेच. उत्खननाची तासागणिक उत्पादकता वाढलेली दिसते आणि कोणीही वेगळे काही केलेले नसते. कामाचे तास एकदम घटले आणि उत्पादन तसेच राहिले, तर कौतुक करण्याआधी संलग्न सेवांच्या आणि एजन्सींच्या ओळीत तास वाढले का ते बघा.

पायरी ५: भागाकार

वाढीचे सूत्र साधे: (१ + परिमाण-वाढ) ÷ (१ + तास-वाढ) − १. परिमाण २ टक्के वाढले, तास ३ टक्के वाढले, तर उत्पादकता ०.९७ टक्के घटली. नुसती वजाबाकी केली तरी लहान आकड्यांना चालते, पण तेल-वायूच्या ओळीत दहा-पंधरा टक्क्यांचे झोके येतात, तिथे भागाकारच करा.

तेल किती जड आहे हे कळण्यासाठी एक काल्पनिक, गोल आकड्यांचा हिशेब करून बघा. मुख्यभूमीत ३९६ कोटी तास, तासाला ७०० क्रोनर: २,७७,२०० कोटी. उत्खननात ४ कोटी तास, तासाला २०,००० क्रोनर: ८०,००० कोटी. एकूण ३,५७,२०० कोटी भागिले ४०० कोटी तास, म्हणजे तासाला ८९३ क्रोनर. आता तास तेवढेच ठेवून तेलाचे परिमाण फक्त १० टक्क्यांनी कमी करा. सरासरी ८७३ वर येते. देशाची उत्पादकता सव्वादोन टक्क्यांनी ‘घसरली’, आणि १०० पैकी ९९ तासांत काहीच बदललेले नाही. हा वाटा कल्पनेतला नाही: थेट उत्खननातली माणसे देशातल्या कामगारांच्या साधारण एक टक्काच भरतात.

पाठ्यपुस्तकात यापुढे उद्योगांतर्गत बदल आणि कामगारांचे एका उद्योगातून दुसऱ्यात सरकणे यांची फोड शिकवतात. तेल असलेल्या देशात ती फोड तेलासकट करू नका. त्या गणितात असे गृहीत असते की शेतातला किंवा दुकानातला माणूस उत्खननात गेला की तोही तासाला वीस हजार क्रोनर निर्माण करील. तो करत नाही. त्या वीस हजारांतला मोठा भाग जमिनीखालच्या साठ्याचे भाडे आहे, माणसाची कमाई नव्हे. प्लॅटफॉर्मवर शंभर माणसे वाढवून साठा वाढत नाही. ही फोड मुख्यभूमीपुरतीच करा.

पायरी ६: मासिक निर्देशांक वाचताना

वार्षिक तक्ता सावकाश येतो, बातमी मासिक निर्देशांकाची होते. त्यात उत्खनन, कारखानदारी आणि वीजपुरवठा हे तीन मोठे भाग आहेत. हंगामाचा परिणाम काढलेली मालिका घ्या आणि एका महिन्याची उडी न मांडता तीन महिन्यांची सरासरी मागच्या तीन महिन्यांशी ताडून बघा.

असे करण्याची कारणे नॉर्वेच्या पंचांगातच आहेत. जुलैत ‘फेल्लेसफेरिए’ म्हणजे कारखान्यांची तीन आठवड्यांची सामायिक सुट्टी. ईस्टर कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये. प्लॅटफॉर्म आणि वायू-प्रक्रिया केंद्रे उन्हाळ्याच्या शेवटी, मुख्यतः ऑगस्ट-सप्टेंबरात, देखभालीसाठी थांबतात. देखभाल एखाद्या वर्षी पंधरा दिवस पुढे सरकली की एक महिना वर आणि एक महिना खाली जातो. हंगाम-समायोजनाला ते पुरते पकडता येत नाही.

वीजपुरवठ्याचा भाग पावसावर चालतो. नॉर्वेची वीज बहुतांशी जलविद्युत. २०२२ मध्ये दक्षिण नॉर्वेतली धरणे खाली गेली होती. अशा वर्षी टर्बाइनजवळचा माणूस तोच, तास तेच, आणि उत्पादकता कमी. कोयनेचा जलसाठा बघून महानिर्मितीच्या कर्मचाऱ्यांची कार्यक्षमता कोणी ठरवत नाही. इथेही ठरवू नये.

पायरी ७: आलेखातल्या प्रत्येक वळणाला कारण शोधा

उत्खननाची तासागणिक उत्पादकता कागदावर काढली की एक डोंगर दिसतो. तो असा वाचायचा.

एकोफिस्क हे क्षेत्र १९६९ च्या अखेरीस सापडले आणि १९७१ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढची तीस वर्षे मोठी, सोपी क्षेत्रे एकामागून एक आली आणि परिमाण तासांपेक्षा वेगाने वाढले. कच्च्या तेलाचे शिखर २०००-०१ चे, वर्षाला सुमारे १८ कोटी १० लाख घनमीटर. २०१३ पर्यंत ते साडेआठ कोटींवर आले, निम्म्याहूनही कमी. त्याच काळात वायू दुप्पट झाला, म्हणून तेल-समतुल्याची घसरण तेवढी भयानक दिसत नाही. पण पायरी ३ आठवा: स्वस्त वायूने महाग तेलाची जागा घेतली होती.

याच वर्षांत तेलाचा भाव चढा होता, म्हणून कंपन्यांनी माणसे वाढवली. जुने क्षेत्र म्हाताऱ्या विहिरीसारखे असते: तेलाबरोबर पाणी जास्त येते, ते वेगळे करावे लागते, दाब टिकवायला पाणी किंवा वायू परत आत ढकलावा लागतो, नव्या विहिरी खोदाव्या लागतात. तेवढ्याच पिंपांसाठी श्रम अधिक. उत्पादन खाली, तास वर, उत्पादकता दोन्ही बाजूंनी चेपली. यात आळसाचा संबंध नाही, भूगर्भाचा आहे.

२०१४ च्या मध्यात ११० डॉलरच्या वर असलेला ब्रेंट कच्च्या तेलाचा पिंपामागचा भाव जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली आला. स्टावांगर आणि पश्चिम किनाऱ्यावर हजारो नोकऱ्या गेल्या. विहिरी मात्र चालू राहिल्या, कारण खोदलेल्या विहिरीतून तेल काढत राहणे स्वस्त असते, नवी खोदणे महाग. तास घटले, परिमाण टिकले, उत्खननाची उत्पादकता सुधारली. सेवा-कंपन्यांत आणि यार्डांत याच्या उलट: तिथे मागणीच आटली होती, ती झळ मुख्यभूमीच्या आकड्यांत दिसते. हे दोन आलेख शेजारी ठेवल्याशिवाय २०१४-१६ कळत नाही.

खरी तांत्रिक सुधारणाही याच सुमाराची. ईवार ओसेन प्लॅटफॉर्मचे नियंत्रण २०१९ मध्ये समुद्रातून उचलून ट्रोनहाइमच्या किनाऱ्यावरच्या खोलीत नेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये योहान स्वेर्ड्रुप हे तेलक्षेत्र सुरू झाले. दुसऱ्या टप्प्यानंतर त्याची क्षमता दिवसाला ७,५५,००० पिंपांची. एवढे एक क्षेत्र आले की सरासरी वर जाते. त्यातले किती श्रेय यंत्रणेचे आणि किती साठ्याचे, हे आकडा सांगत नाही.

मग तीन घटना, ज्यांत परिमाण माणसाच्या किंवा सरकारच्या हातून बदलले. जून २०२० मध्ये सरकारने दिवसाला २,५०,००० पिंपांची कपात लावली, वर्षाच्या उत्तरार्धात १,३४,००० पिंपांची. २८ सप्टेंबर २०२० ला हामरफेस्टजवळच्या मेलकोया बेटावरील द्रवरूप वायूच्या कारखान्यात आग लागली आणि तो जून २०२२ पर्यंत बंद राहिला. त्या काळात तिथून वायू शून्य, दुरुस्तीला राबणारी माणसे मात्र भरपूर. आणि २०२२ ला रशियाचा वायू घटल्यावर नॉर्वेने शक्य तिथे वायूला प्राधान्य दिले. जिना क्रोग क्षेत्रात तेलासाठी आत ढकलला जाणारा वायू निर्यातीकडे वळवला. तेल-वायूचे प्रमाण बदलले की आलेखही बदलतो.

कारखानदारीतली २०२३ नंतरची हालचाल समजून घ्यायची तर तेल कंपन्यांना दिलेल्या २०२० च्या तात्पुरत्या करसवलतीकडे जा. २०२२ अखेरपर्यंत विकास-आराखडा सादर करणाऱ्या प्रकल्पांना ती मिळणार होती. साहजिकच आराखड्यांची रांग लागली आणि पुढची वर्षे यार्डांच्या ऑर्डरवह्या भरलेल्या.

मुख्यभूमीची कथा वेगळी, आणि आमच्या मते तीच महत्त्वाची. २००५ च्या आसपासपासून तिथली उत्पादकता-वाढ मंदावली, इतकी की २०१४ मध्ये सरकारने योर्न रात्सो यांच्या अध्यक्षतेखाली उत्पादकता आयोग नेमला. तेलासकट काढलेल्या सरासरीत ही मंदी अर्धी झाकली जाते.

दुसऱ्या देशाला हीच कृती लावताना

मराठी वाचकाचा संबंध नॉर्वेपेक्षा जुबैल, दोहा, कुवेतशी जास्त. सौदी अरेबियात सांख्यिकी प्राधिकरण तेल, बिगर-तेल आणि सरकारी असे तीन भाग वेगळे देते, म्हणून पायरी २ सोपी. पायरी ७ मध्ये मात्र पहिला प्रश्न भूगर्भाचा नसतो, ओपेक प्लस या तेल-उत्पादक देशांच्या गटाच्या निर्णयाचा असतो. जुलै २०२३ पासून सौदीने दिवसाला १० लाख पिंपांची जादा स्वेच्छा कपात केली. त्यानंतरची औद्योगिक निर्देशांकातली घट ही झडप फिरवल्याची घट आहे. मनुष्यबळाच्या आकड्यांत परदेशी कामगार किती धरले आहेत आणि तास मोजले आहेत की फक्त माथी, हे तळटीपेत शोधा. तास नसतील तर आपल्या तक्त्यावर ‘माणशी’ असा शब्द ठळक लिहा आणि नॉर्वेशी तुलना करू नका.

आणि प्रत्येक तक्त्यावर उतरवल्याची तारीख टाका. राष्ट्रीय लेख्यांची सुधारणा होत राहते, संदर्भ वर्ष पुढे सरकते, आणि सहा महिन्यांनी तीच ओळ उघडली की २०२२ चा आकडा वेगळा निघतो. जुनी फाइल पुसू नका. कोणता आकडा कधीचा, यावरून वाद झाला तर तीच उपयोगी पडते.